मराठी विनोदातील लठ्ठ माणूस

टीकालेखाच्या आरंभीच लेखकाने आपला अधिकार सांगून टाकलेला बरा. माझ्यापाशी सांगण्याजोगी पदवी नाही. मी मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि सफाळ्याकडच्या एका शाळेत मुलांना मडकी, केळी आणि ताडाची झाडे काढायला शिकवू लागलो. मधल्या वर्षांत तीन कादंबऱ्या लिहिल्या. वाङ्मयचर्चेला एवढे भांडवल पुरत नाही, हे मला कळते. परंतु प्रस्तुत विषयापुरता माझा एक अधिकार असा आहे की, तो कोणा प्राध्यापकाला सहजासहजी मिळायचा नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत माझे वजन १३१ किलो होते.

त्या मे महिन्यात, शाळेला सुटी लागल्यावर, मुंबईच्या एका रुग्णालयात माझ्या पोटावर वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झाली. जाताना पिशवीत टॉवेल, सपाता, दाढीचे सामान आणि दोन पुस्तके होती. एक पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ'. दुसरे माझीच पहिली कादंबरी. प्रकाशकांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या मागितल्या होत्या आणि रुग्णालयात वेळच वेळ असेल असा माझा भाबडा समज होता. ही दोन पुस्तके त्या खाटेवर एकामागून एक वाचली गेली. प्रस्तुत लेखाचे मूळ तेथे आहे.

आधी माझ्या पुस्तकाचे सांगतो, म्हणजे दुसऱ्यांविषयी बोलायला तोंड राहील.

त्या कादंबरीत एक हेडमास्तर आहेत. ते लठ्ठ आहेत, आणि एवढेच त्यांचे चरित्र आहे. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या देखत त्यांची खुर्ची मोडते. सहल तांदुळवाडीच्या किल्ल्यावर जाते तेव्हा ते पहिल्याच चढणीवर धापा टाकीत दगडावर बसतात आणि मुले त्यांचा डबा संपवतात. शाळा तपासायला साहेब येतात तेव्हा हेडमास्तर टेबलाशी घोरत असतात. या पानांवर मला पुष्कळ पत्रे आली. एका गृहस्थांनी तर खुर्चीचा प्रसंग घरातल्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवल्याचे कळवले होते. आता यातली मौज पाहा. ती पाने लिहिली तेव्हा मी स्वतः ११० किलोंचा होतो. माझ्या माघारी मुले मला काय म्हणत, तेही मला ठाऊक होते. मग मी तसे का लिहिले? कारण लठ्ठ माणूस लहानपणीच एक युक्ती शिकतो. आपणच आधी हसून घेतले की दुसऱ्यांना हसायला थोडे कमी उरते. मी ती युक्ती कादंबरीत वापरली आणि तिला विनोदबुद्धी असे नाव दिले.

खाटेवर पडून ती पाने वाचताना एक गोष्ट पेन्सिलीच्या टोकाला अडकून बसली. खुर्ची मोडल्यावर हेडमास्तर घरी जाऊन काय करतात? बायकोला सांगतात का? दुसऱ्या दिवशी शाळेत कोणत्या खुर्चीवर बसतात? माझ्या कादंबरीत याचे काहीच उत्तर नाही. मला मात्र ते पक्के माहीत होते. लठ्ठ माणूस परक्या घरात शिरला की माणसांच्या आधी खुर्च्या पाहतो. प्लास्टिकची, वेताची, हातांची, बिनहातांची. मग भिंतीला टेकून उभा राहतो आणि म्हणतो, "असू द्या, बसून बसूनच आलोय." डहाणू लोकलमध्ये तीन माणसांच्या बाकावर चौथा बसतो, हा आमच्याकडचा अलिखित कायदा आहे. मी वीस वर्षे सफाळ्याहून विरारपर्यंत दाराशी उभा राहून गेलो, कारण मला पाहिल्यावर चौथी जागा कोणी देत नसे आणि तिसरी घ्यायचा मला धीर होत नसे. हे सगळे ठाऊक असलेल्या माणसाने हेडमास्तर लिहिला आणि त्यातले एक अक्षरही त्याला दिले नाही!

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. पण आपल्या विनोदाची ही जुनी वाट आहे. संस्कृत नाटकातला विदूषक मोदकांवर जीव टाकणारा. कुंभकर्ण म्हटले की आपल्याला त्याचे खाणे आणि झोपणे आठवते; रावणाला त्याने सुनावलेले खडे बोल फार थोड्यांना आठवतात. लॉरेल आणि हार्डी आपल्याकडे आले तेव्हा आपण त्यांना नावे काय दिली? जाड्या आणि रड्या. रड्याला निदान स्वभावावरून नाव मिळाले, जाड्याला तेही नाही. चिं. वि. जोशी मात्र या बाबतीत उदार. त्यांचा चिमणराव किडकिडीत आणि गुंड्याभाऊ धिप्पाड, पण गुंड्याभाऊच्या देहाला त्यांनी जोर दिला, धाक दिला, त्याचा नुसता गोळा केला नाही. एक लंबोदर सोडला तर मोठ्या पोटाला मान देण्याची आपल्याला सवय नाही. आणि तोही मान दहा दिवसांचा.

किडकिडीत आणि लठ्ठ अशी जोडी जमवणे हा विनोदाचा सोपा धंदा आहे, कारण तो डोळ्यांनी होतो. डोळा किती फसतो याचा एक मासला पुण्याचाच आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघेही सडपातळ. उंचीच्या मानाने वजनाचे जे गणित मांडतात त्याचा आकडा दोघांचाही तोच, २२.३. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांच्या आत मधुमेहाची तयारी कशी चाललेली असते, ते या एका चित्राने सांगितले. मी ते चित्र वर्गात दाखवतो. पाहून काढा, असे मुलांना सांगणाऱ्या मास्तराला ते उपयोगी पडते.

पाश्चात्त्यांत या खात्यावर मोठा मान फॉल्स्टाफचा. शेक्सपिअरचा हा ढेरपोट्या सरदार लबाड आहे, भित्रा आहे, पण तो स्वतः बोलतो, आणि असे बोलतो की त्याला हसायला आलेला प्रेक्षक त्याच्याच बाजूचा होऊन घरी जातो. पण मला अधिक बोलण्यासारखा वाटतो तो डिकन्सचा पोऱ्या. 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६-३७ साली हप्त्याहप्त्याने आली. तीत जो नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे. तो खातो आणि झोपतो. हाक मारली की जागा होतो, सांगितलेले काम करतो आणि पुन्हा पेंगतो. शंभराहून अधिक वर्षे लोक त्याला हसले. मग १९५६ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी एका रोगाचे वर्णन केले. अतिलठ्ठ माणसाचा श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायॉक्साइड साचतो, माणूस दिवसाढवळ्या गुंगीत जातो. त्या रोगाला त्यांनी नाव दिले पिकविकियन सिंड्रोम. ज्याला आळशी म्हणून हसत होतो तो मुलगा आजारी होता!

शस्त्रक्रियेच्या आधी माझीही झोप तपासली गेली. अंगाला वायरी चिकटवून एक रात्र झोपवले आणि सकाळी सांगितले की झोपेत माझा श्वास तासाला चाळीसहून अधिक वेळा अडतो. वर्गात मुले चित्रे काढीत असताना माझी मान का पडत असे, याचा उलगडा वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झाला. तोवर मी स्वतःला आळशीच समजत होतो, आणि घरची माणसे त्याला दुजोरा देत होती. डिकन्सला रोग माहीत नव्हता, पण त्याने पोराला इतके नीट पाहिले होते की डॉक्टरांना त्याच्या वर्णनात रोग सापडला. माझ्या हेडमास्तरांच्या घोरण्यात कोणत्याही डॉक्टरला काही सापडणार नाही. ते घोरणे मी पाहिलेले नव्हते, दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचललेले होते.

आता 'बटाट्याची चाळ'. १९५८ साली पुस्तकरूपाने आलेल्या या चाळीत 'उपास' नावाचे प्रकरण आहे. मराठी घरांत ते न वाचलेला किंवा न ऐकलेला माणूस विरळा, म्हणून कथानक सांगत बसत नाही. ते मी आजवर किती वेळा वाचले असेल, याची गणती नाही. पण शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवडे केवळ पातळ अन्नावर काढताना वाचले तेव्हा त्याची बांधणी मला प्रथम दिसली. हे पातळ अन्न यकृत आक्रसावे म्हणून असते. जठर यकृताखाली दडलेले असल्याने ते वर उचलल्याशिवाय डॉक्टरांना तेथवर पोचता येत नाही. ताक, डाळीचे पाणी, पुडीतली प्रथिने. मे महिना. सफाळ्याच्या स्टेशनाबाहेर ताडगोळ्यांच्या टोपल्या. अशा अवस्थेत 'उपास' वाचावे!

या प्रकरणात लठ्ठ माणूस 'मी' आहे, हे त्याचे पहिले बळ. त्याचे पोट आपल्याला बाहेरून दाखवले जात नाही. आपण त्याच्या आत बसून बाहेर बघतो, आणि बाहेर दिसते ती सल्ला देणारी चाळ. कोणी एक पदार्थ वर्ज्य करायला सांगतो, कोणी दुसरा, आणि शेवटी माणसाने खावे असे जगात काही उरत नाही. वजन हे निमित्त. टवाळी चालली आहे ती आपल्या सार्वजनिक सल्लागारीची. एका माणसाचे शरीर ही साऱ्या आळीची मालमत्ता कशी होते, हे पुलंनी जितके हसत सांगितले तितके कोणी गंभीरपणेही सांगितलेले माझ्या वाचनात नाही. मी शस्त्रक्रिया करून घेणार हे गावात कळले तेव्हा मला चाळ प्रत्यक्ष भेटली. कोणी मेथीचे दाणे आणून दिले, कोणी विरारच्या एका वैद्याचा पत्ता. शेजारचे अण्णा म्हणाले, "पोट कापायला पैसे देतोस? तोंड शिवून घे, फुकटात होईल." अण्णांनी 'उपास' वाचले असण्याचा संभव नाही, पण 'उपास'ने अण्णांना चांगलेच वाचले होते.

मग उणे कोठे आहे? पुलंच्या प्रकरणात आहे असे म्हणवत नाही. त्यांचा नायक चार बऱ्या दिवसांत सुटलेला माणूस आहे, रोगी नव्हे. त्याच्या डोक्यावर मधुमेहाचे आणि अडलेल्या श्वासाचे ओझे चढवणे हा रसभंग होईल. उणे आहे ते आपण त्यापुढे काही लिहिले नाही याचे. 'उपास'च्या बुडाशी त्या काळचा एक समज आहे. मनाने घेतले की वजन उतरते, मन डळमळले की चढते. १९५८ साली याहून निराळे कोणाला ठाऊक असणार? भूक जागवणारा घ्रेलिन नावाचा एक स्राव जठरातून रक्तात जातो, हे जपानी शास्त्रज्ञांना १९९९ साली सापडले. वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया त्याच्या आधीपासून होत होती. अमेरिकेत आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया १९६६ सालीच केली होती. माझ्यावर झाली ती निराळी. तीत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी ठेवतात. काढलेल्या भागातच घ्रेलिनचा मोठा साठा असतो. म्हणजे नुसती पिशवी लहान होते असे नव्हे, मागणी करणारा आवाजही बसतो.

मराठी विनोद अजून तोंड शिवून घे म्हणणाऱ्या अण्णांपाशीच थांबला आहे. पुलंच्या पाठीमागून आलेल्या आम्ही लोकांनी त्यांचा 'मी' टाकून दिला आणि ढेरी तेवढी ठेवली.

रुग्णालयातल्या त्या तीन-चार दिवसांत किती वाङ्मय पडून आहे, ते आता सांगतो. भूल उतरली तेव्हा पोट दुखेल अशी माझी तयारी होती. दुखत होता उजवा खांदा! पाच छिद्रे पाडून दुर्बिणीतून काम करायचे तर पोटात वायू भरून ते फुगवावे लागते. मागे उरलेला वायू श्वासपटलाला डिवचतो, आणि पटलाची आणि खांद्याची मज्जा एका मुळाची असल्याने दुखणे खांद्यावर जाणवते. हे ज्ञान मला एका तरुण सिस्टरने रात्री दहा वाजता दिले आणि लगेच म्हणाली, "काका, उठा, चालायचंय." त्याच रात्री! पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून मांड्यांपर्यंत घट्ट मोजे चढवले होते, पोटावर इंजेक्शन होते, आणि वर हे चालणे. एका हातात सलाईनचा दांडा, दुसरा हात बायकोच्या खांद्यावर. खाटेपासून खिडकीपर्यंत बावीस पावले. तांदुळवाडीच्या पायथ्याशी दगडावर बसवलेले माझे हेडमास्तर मला खिडकीपाशी भेटले. चढणीवर बसणाऱ्याला दम लागतो म्हणजे काय होते, हे मला अंगाने माहीत असूनही मी ते कधी लिहिले नव्हते. पुढची पावले आपली राहत नाहीत, पाहणाऱ्यांची होतात.

दुसऱ्या दिवशी क्ष-किरणाच्या यंत्रापुढे उभे करून एक कडवट औषध प्यायला लावले आणि नळीची शिवण कोठे गळत नाही ना ते पाहिले. मग पाणी. औषधाच्या बाटलीवर बसते तेवढे टोपण, ३० मिलिलिटर, पंधरा मिनिटांत संपवायचे, घोट घोट. ते संपले की दुसरे. भिंतीवरचे घड्याळ आणि ते टोपण, यांच्याकडे मी दिवसभर पाहत होतो. एका घोटाला किती चव असते! पाण्याला चव नसते असे आपण शाळेत शिकवतो. मला त्या दिवशी पाण्यात टोपणाच्या प्लास्टिकची, जुन्या औषधाची आणि कसली तरी लोखंडासारखी चव लागत होती. पाचव्या घोटाला छातीत काही अडकल्यासारखे झाले, मग ढेकर आला. सिस्टरने टाळी वाजवली. पंचेचाळीस वर्षांच्या मास्तराने ढेकर दिल्याबद्दल त्याचे अभिनंदन व्हावे, हा विनोद नाही तर काय?

फुंकायचे, नव्हे ओढायचे, एक यंत्रही होते. तीन नळ्यांत तीन चेंडू. श्वास आत ओढला की ते वर चढतात. पलीकडच्या खाटेवर बोईसरच्या कारखान्यातले एक गृहस्थ होते, त्यांचीही शस्त्रक्रिया माझ्याच दिवशी झालेली. त्यांचे तिन्ही चेंडू चढत, माझे दोनच. दोन दिवस आमची अशी चुरस लागली की सिस्टरला मध्ये पडावे लागले. हसताना टाके ओढले जात, म्हणून पोटाशी उशी दाबून धरायला शिकवले होते. 'उपास' मी तसेच वाचले, उशी कवटाळून. कोणत्या लेखकाला आपल्या वाचकाचे याहून खरे प्रशस्तिपत्र मिळाले असेल?

तिसऱ्या सकाळी वजन केले. दोन किलो वाढलेले! सलाईनचे पाणी अंगात मुरलेले असते, ते उतरेल, असे डॉक्टर म्हणाले. तीनचतुर्थांश जठर देऊन, टोपणाने पाणी पिऊन माणसाचे वजन वाढावे, हा प्रसंग बटाट्याच्या चाळीत सहज खपला असता.

एक गोष्ट मात्र तेथे खपली नसती. मला भूक नव्हती. सकाळी आठला उपम्याची गाडी दारावरून जाई, मोहरी आणि कढीपत्त्याचा वास खोलीत शिरे. वास कळत होता, आवडत होता, आणि पोटातून काहीच उत्तर येत नव्हते. लहानपणापासून ज्या आवाजाशी मी भांडलो, ज्याच्यापुढे हरून रात्री बाराला डब्याचे झाकण आवाज न करता उघडायला शिकलो, तो आवाज गेला होता. सुटल्यासारखे वाटायला हवे होते. मला एकटे वाटले. घरातले कटकटे म्हातारे माणूस गेल्यावर माजघरात वाटते तसे. आणि मागोमाग राग आला. हा एवढा स्राव होता तर! मग इतकी वर्षे मला हावरा म्हणणाऱ्यांचे, आणि ते मान्य करणाऱ्या माझे, काय करायचे?

त्याच संध्याकाळी चालता चालता मी एकटाच जिन्यापर्यंत गेलो. मधल्या टप्प्यावर बायको पाठमोरी बसून जेवत होती. भाकरी आणि सुकटीची चटणी. मला वास येऊ नये म्हणून तीन दिवस ती जिन्यात जेवत होती, आणि मला ते ठाऊक नव्हते. मी तसाच मागे फिरलो. तिला अजून सांगितलेले नाही. या अंकात वाचील.

माझा हेडमास्तर विवाहित आहे. त्याची बायको १९६ पानांच्या कादंबरीत दोनदा येते, दोन्ही वेळा ताट वाढायला.

विनोदाने केले ते हे. मग गंभीर लिहिणारे काय करतात? लठ्ठ माणसाचे गंभीर वाङ्मय सध्या वृत्तपत्रांत आहे, आणि ते किलोंत मोजले जाते. २०१७ साली इमान अहमद नावाची इजिप्तची तरुणी मालवाहू विमानातून मुंबईत आली. क्रेनने तिची खाट रुग्णालयात चढवली गेली. ते चित्र साऱ्या जगाने पाहिले. मार्चमध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात तिला अबू धाबीला नेले, आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला ती तेथे वारली. या सात-साडेसात महिन्यांत ती किती किलोंची होती आणि किती किलो उतरली हे मला रोज कळत होते. तिला मुंबईत कोणती खिडकी दिसत होती, परक्या भाषेच्या सिस्टरांशी ती कशी बोलत होती, तिला कशाचे हसू येई, हे कळले नाही. २०१९ साली आमच्या शेजारच्या वसईतल्या एका बाईंची हकीकत छापून आली. ३०० किलोंवरून त्या ८६वर आल्या होत्या, चार वर्षांत, दोन शस्त्रक्रियांनंतर. आनंदाची बातमी, आणि मला धीर देणारीही तीच; माझ्या डॉक्टरांकडे जाण्याआधी ते कात्रण मी पाकिटात ठेवले होते. पण तिचीही मांडणी तीच. डावीकडे आधीचे छायाचित्र, उजवीकडे नंतरचे. चित्रकलेचा मास्तर म्हणून माझे लक्ष मधल्या पांढऱ्या पट्टीकडे जाते. टोपण, घड्याळ, जिना, सारे त्या पट्टीत असते.

ती पट्टी कोरी असल्यामुळेच लोक या शस्त्रक्रियेला पळवाट म्हणतात. दोन चित्रांमध्ये काहीच नसेल तर एकातून दुसऱ्यात उडी मारली असेच दिसणार. महिनाभर वाटून गाळून खाणे, घासाबरोबर पाणी नाही, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, चौथ्या महिन्यात कंगव्यात येणारे केसांचे पुंजके, आणि इतके करूनही वजन परत येणार नाही याची शाश्वती नाही. पळून जायला याहून बऱ्या वाटा असतील.

रोग्याने स्वतः लिहिलेले आणि तरीही हसरे पुस्तक मराठीत होऊ शकते, याचा दाखला पद्मजा फाटक यांनी देऊन ठेवला आहे. मूत्रपिंडाच्या रोपणाची हकीकत त्यांनी लिहिली आणि तिला नाव दिले 'हसरी किडनी'. शरीर आपले, यातना आपल्या, आणि हसूही आपलेच, उसने नव्हे. लठ्ठ माणसाच्या वाट्याला असे पुस्तक आलेले नाही. कारण उघड आहे. मूत्रपिंड बिघडल्याची लाज कोणाला वाटत नाही.

लाजेविषयी बोलतो आहे तर आणखी एक सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल. मी राहतो तो पालघर जिल्हा २०१४ साली झाला, त्यापूर्वी आम्ही ठाण्यात होतो. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा महाराष्ट्राला हा भाग कळला. आजही माझ्या वर्गात पाड्यांवरून येणारी मुले आहेत, ज्यांचे पोटभर जेवण म्हणजे शाळेची खिचडी. त्यांच्यापुढे, जास्तीचे पोट काढून टाकून आलेला मास्तर! जूनमध्ये शाळेत गेलो तेव्हा मुलांनी गराडा घातला. पाचवीतली एक मुलगी नीट ऐकून घेत होती. मग तिने विचारले, "सर, कापलेलं पोट कुणाला दिलं?"

मी काय उत्तर देणार? फळ्याकडे वळलो आणि मडके काढू लागलो. लठ्ठपणा म्हणजे सुबत्तेचा माज, अशी आपली समजूत आहे आणि आपल्या विनोदाला तीच परवाना देते. पोट सुटलेल्याला हसले की गरिबाची बाजू घेतल्यासारखे वाटते. पण माझ्या आजीने सातपाटीच्या बाजारात मासळी विकून दिवस काढले, बापाने अर्धपोटी शाळा केली, आणि माझ्या ताटात त्यांनी जे दोन घास जास्त वाढले ते त्या उपासाचे होते. कुपोषण आणि मेद यांची सोयरीक डॉक्टर आता सांगू लागले आहेत. कादंबरीकाराला ती घरात दिसायला हवी होती.

दुसऱ्या आवृत्तीच्या दुरुस्त्या प्रकाशकांना दिवाळीपूर्वी द्यायच्या आहेत. खुर्ची मोडण्याचा प्रसंग मी काढलेला नाही. खुर्च्या मोडतात, माझ्या दोन मोडल्या आहेत. त्यापुढे पाच पाने नवी घातली. हेडमास्तर त्या रात्री घरी येतात, ओट्यावर बसतात, पायरीवरच, आणि बायको विचारते की संमेलन कसे झाले. तेव्हापासून दिवा मालवेपर्यंतचे पाच पानांत आहे. हिने ती वाचली. वाचताना एकदा हसली. कोठे हसलीस म्हणून विचारले तर सांगेना. पाने माझ्या हातात देऊन चकल्यांचे पीठ मळायला गेली.

मी ती पाने पुन्हा पहिल्यापासून वाचतो आहे.